कावळा शिवलेला फोटो

परवा सकाळी मेथी निवडत बसले होते, तर खिडकीबाहेरच्या कडुनिंबातून पांढरं काहीतरी सळकन गेलं. पतंगाची शेपटी असेल म्हणून सोडून दिलं. आषाढात पतंग कोण उडवतं, हे डोक्यात यायला अर्धी जुडी संपली. उठून पाहते तर दूधराज! नर. काळंभोर डोकं, पांढरंशुभ्र अंग आणि शेपटीची दोन लांब पिसं फांदीखाली लोंबतायत. अमरावतीतली आमची दुसऱ्या मजल्यावरची खिडकी, खाली मोटारसायकलींची रांग, गॅसवाल्याची आदळआपट, आणि हा पाहुणा आपला निवांत माशा टिपतोय. पुस्तकात याचं नाव स्वर्गीय नर्तक. आमच्याकडे एवढं मोठं नाव घ्यायला कोणाला सवड आहे बापा? दूधराज म्हटलं की झालं.

कॅमेरा कपाटात होता, चार पावलांवर. मी उचलला नाही.

"आत्याबाई, दूधराज आलाय," एवढं मात्र ओरडून सांगितलं. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. ऐंशी कधीच ओलांडली त्यांनी. दूरचं दिसत नाही, पण ऐकू नको तेवढं येतं. पलंगावरून म्हणाल्या, "आला का? मंग काढ तो फोटो. कोपरा कापेल वाला."

दर आषाढात हे असंच होतं. पाखरू दिसो न दिसो, त्यांना तो फोटो आठवतो आणि मी काहीतरी निमित्त काढून टाळते. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात माझे सगळे जुने फोटो आहेत. प्रत्येकाच्या उजव्या कोपऱ्यात नारिंगी आकड्यांत तारीख छापलेली. त्या काळचा तो कॅमेराच तसा होता, तारीख आपोआप उमटायची. एकाच फोटोचा कोपरा कात्रीने तिरका कापलेला आहे. "उंदरानं खाल्ला," असं मी पहिल्या वर्षी सांगितलं होतं. एवढा सरळ रेषेत खाणारा उंदीर आत्याबाईंनी कसा काय पचवला, देव जाणे.

पाखरांचं वेड मी अकोल्याहून आणलं. बाबा रेल्वेत होते. क्वार्टरच्या मागे बाभळी होत्या आणि उन्हाळ्यात तिथे पाण्याचं मडकं ठेवायचं काम माझ्याकडे होतं. कोण कधी पाण्यावर येतं, याची मी वहीत नोंद करायची. आई म्हणायची, "अभ्यासाची वही अशी भरली असती तर डॉक्टर झाली असती." डॉक्टर झाले नाही, बी.एस्सी. झाले. लग्न होऊन अंजनगावला आले, तिथल्या शाळेत विज्ञान शिकवायला लागले. कॅमेरा बाबांनी लग्नात दिला, नवऱ्याकडच्या फोटोंसाठी. पहिला रोल धुवायला दिला तेव्हा अमरावतीचे स्टुडिओवाले रऊफभाई चक्रावले होते. "बाजी, छत्तीस के छत्तीस चिडिया? दूल्हेमियाँ का एक भी नहीं?"

मूर्तिजापूरवरून अंजनगावकडे येणारी ती छोटी गाडी आठवते ना? माहेरी जाता-येता मी खिडकी पकडायची. धावत्या गाडीतून पाखरांचे फोटो येत नाहीत म्हणतात. आमची गाडी धावतच नव्हती, त्यामुळे प्रश्न मिटला. तारेवरचा नीलकंठ, गाईच्या पाठीवरचा कोतवाल, डबक्यावरचा खंड्या, सगळे कसे पोज देऊन बसलेले. तेवढाच माझा प्रवास. सासरच्या गच्चीवरून उत्तरेला मेळघाटचे डोंगर निळे दिसायचे. तिथे काय काय पाखरं असतील, या विचाराने जीव नुसता तळमळायचा. पण बाईमाणसानं कॅमेरा घेऊन जंगलात जायचं म्हणजे सोबत कोण, हा पहिला प्रश्न, कशाला, हा दुसरा, आणि उत्तरं देईपर्यंत बस गेलेली. नवरा वाईट नव्हता हो. बडनेऱ्याला नोकरी, शनिवारी यायचा, "जाऊ एकदा," म्हणायचा आणि सोमवारी परत जायचा. तेरा वर्षं मी ते डोंगर गच्चीवरून पाहिले.

मग मला सापडला पानमळा. सापडला म्हणजे काय, घरचाच होता, घरामागे दोनशे पावलांवर. विड्याच्या पानांची शेती अंजनगावला पिढ्यान् पिढ्या. बाहेर ऊन भाजून काढत असताना मळ्यात शिरलं की अंगावर गारवा यायचा. पांगारा आणि शेवरीच्या झाडांवर चढलेले नागवेलीचे वेल, मधून जेमतेम एक माणूस जाईल एवढी वाट, पायाखाली ओली माती, वर हिरवं छप्पर. चारी बाजूंनी कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा कूड. एवढी थंड सावली आसपास कुठेच नव्हती, म्हणून पाखरं तिथे यायची. मीही तशीच यायची.

मळ्याचे नियम कडक. नागवेल म्हणजे देवता. चपला दाराबाहेर. आत थुंकायचं नाही, शिवी द्यायची नाही. आणि बाईला कावळा शिवला असेल तर तिने कुडाच्या आत पाय ठेवायचा नाही. ठेवला तर वेल जळतो. सासरे, आम्ही त्यांना मामाजी म्हणायचो, माझ्या पाखरांच्या नादाला हसायचे पण अडवायचे नाहीत. "पाखरं पाह्य, फोटो काढ, काई बी कर. फक्त ते चार दिस सांभाळ, पोरी."

काय शब्द आहे पाहा! कावळा शिवला. लहानपणी मी खरोखर आभाळाकडे पाहत बसायची, आईला कावळा केव्हा शिवतो ते पकडायला. पुढे कळलं. मृताच्या पिंडाला कावळा शिवावा म्हणून घरदार हात जोडून उभं राहतं, त्याची मनधरणी करतं, नाही नाही ती वचनं देतं. तोच कावळा बाईला शिवला की तिला मागच्या खोलीत चटईवर बसवतात. कावळा एकच, पण मेलेल्याला शिवला तर मोक्ष आणि जित्तीला शिवला तर विटाळ! आयुष्यात शेकडो पाखरांचे फोटो काढले; जो मला महिन्याच्या महिन्याला नेमाने शिवत होता, त्याचा एकही नाही.

त्या वर्षांत बाहेर फार वाईट चाललं होतं. आभाळ भरून यायचं आणि रिकामं निघून जायचं. विहिरी खोल गेल्या, लोकांनी बोअर मारले, ते आणखी खोल गेले. शिवाय पानाच्या ठेल्यांवर गुटख्याच्या पुड्यांच्या माळा लटकायला लागल्या. पान खाणारे पुडी खायला लागले. एकेक मळा मोडत होता. गावोगावच्या मयती ऐकून लोक आता हळहळतही नव्हते, नुसतं "कोणाचा?" विचारायचे. मामाजींचा मळा मात्र तग धरून होता. आणि त्या आषाढात पांगाऱ्याच्या खालच्या फांदीवर, माझ्या डोक्याच्या उंचीवर, दूधराजाच्या जोडीने घरटं बांधलं.

मामाजी ते पाहून लहान मुलासारखे हरखले. "माह्या बापाच्या टायमाले आलं होतं हे पाखरू. त्याच्यानंतर आज. मळा वाचते आता." त्यांनी त्या ओळीतली पानं खुडायची बंद केली. पानं खुडणाऱ्या गोदाबाईला ताकीद दिली, "तिकडे जाऊ नको वं. घर सोडून जातीन." गोदाबाई वीस-पंचवीस वर्षं त्या मळ्यात खुडत होती. तिच्या अंगठ्याचं नख पानाच्या रसाने कायमचं काळं पडलं होतं. ती मला रोजची बातमी द्यायची, "मास्तरीणबाई, आज बाप बसेल हाये अंड्यावर. बायकोले सुट्टी देली त्यानं." खरंच, नरही अंड्यांवर बसतो. इवलंसं वाटीएवढं घरटं आणि त्यातून बाहेर लोंबणारी ती हातभर शेपटी. गोदाबाई म्हणायची, "आमच्या घरच्याले दाखवा हे."

तीन पिलं निघाली. मी वहीत दिवस मोजत होते. नऊ-दहा दिवसांत ती उडणार. कॅमेऱ्यात दोनच फोटोंपुरती फिल्म उरली होती, ती मी राखून ठेवली. पिलं घरट्याच्या काठावर येऊन बसतील आणि बाप समोरून घास घेऊन येईल, तो फोटो मला हवा होता. सातव्या दिवशी सकाळी मला कावळा शिवला.

हसू नका. मी विज्ञान शिकवायची. ह्याच चार दिवसांत शाळेत जाऊन आठवीच्या मुलींना फळ्यावर शरीरशास्त्राच्या आकृत्या काढून दाखवायची, "यात विटाळ-बिटाळ काही नसतं, मुलींनो," असं खडखडीत आवाजात सांगायची आणि घरी येऊन मुकाट चटईवर बसायची. मागच्या खोलीला एक बारीक खिडकी. तिच्यातून मळ्याचा कूड दिसायचा, आतलं काही नाही. पहिला दिवस गेला. दुसरा गेला. आज पिलांना पिसं फुटली असतील, आज काठावर आली असतील. मला वाटलं, माझ्या आयुष्यात जे जे काही उडायचं, ते मी या खोलीत बसलेली असतानाच उडणार. फार राग आला होता. कोणाचा, ते नीट कळत नव्हतं, त्यामुळे जास्तच.

तिसरा दिवस रविवार होता. जवळच्या गावात नात्यातल्या एका जवान माणसाचा दहावा होता. कसा गेला, ते कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. घरचे सगळे सकाळीच गेले. आत्याबाई माझं ताट झाकून सांगून गेल्या, "आमी दुपारलोक येतो."

अर्धा तास मी बसले. मग कॅमेरा घेतला आणि मागच्या बाजूने कूड थोडा बाजूला सारून आत शिरले. शिरताना चपला बाहेर काढल्या, बरं का! एक नियम मोडायला निघाले आणि दुसरा पाळला. आजही ते आठवलं की स्वतःच्या अकलेची कीव येते.

आत गार होतं. दोन पिलं उडालेली होती, वरच्या वेलात चिवचिवत होती. तिसरं घरट्याच्या काठावर पंख थरथरवत बसलेलं. मी एका वेलाला तळहात टेकवून स्थिर उभी राहिले. बाप आला, शेपटी हवेत उलगडली, चोचीत चतुर. मी बटण दाबलं. दुसऱ्यांदा दाबलं तेव्हा पिलू उडालं होतं. त्या फोटोत नुसती फांदी आली. मला रडू आलं. आनंदानेच आलं, हे मी आजही कबूल करते. माझ्या त्या तेरा वर्षांत अशी सकाळ दुसरी नाही.

दुपारी घरचे परत आले. मामाजी ओसरीवर टेकले. मग म्हणाले, "दोन घंटे बसलो. कावळा काई शिवला नाई. जीव कशात अडकला त्याचा, काय मालूम." मी आत चटईवर बसून ऐकत होते.

नागपंचमीला आमच्याकडे नागवेलीची पूजा असते. त्या वर्षी पूजेला मामाजी मळ्यात गेले आणि पांगाऱ्याच्या ओळीतली पानं पिवळी पडलेली पाहून तिथेच खाली बसले. आठ दिवसांत शेजारची ओळ गेली. मग त्याच्या पुढची. कारणं विचाराल तर मी फळ्यावर लिहून देते. विहीर आटली म्हणून आषाढातच शेजारच्या नव्या बोअरचं पाणी मळ्यात सोडलं होतं. ते खारं होतं. पांगाऱ्याची ओळ पाटाच्या तोंडाशी, म्हणून ती आधी गेली. साधा हिशोब. हे मला तेव्हाही कळत होतं. आणि तरी भाजी चिरता चिरता मी डावा तळहात उलटा करून पाहायची. याच हाताने वेलाला टेकले होते. सगळं शिक्षण एकीकडे आणि तो तळहात एकीकडे.

मामाजींना पाण्याचं पटलं नाही. "खारं पाणी दोन साल आधी बी देलं होतं. आतमंदी कोणाचा तरी पाय पडला." आत्याबाईंचं ते वय कधीच उलटलेलं, म्हणजे आत जाणाऱ्या बायका उरल्या दोन: मी आणि गोदाबाई. मी सुशिक्षित, घरची सून, आणि त्या दिवसांत चटईवर बसलेली सगळ्यांनी पाहिलेली. राहिली कोण?

गोदाबाईने मामाजींसमोर नुसती मान हलवली, "नाई मालक, मी नाई." संध्याकाळी शाळेच्या फाटकापाशी माझी वाट पाहत उभी होती. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "मास्तरीणबाई, मले तं आता येतच नाई. दोन वर्सं झाले, बंद हाये माहं. पण हे त्या बुढ्या मानसाले मी कोण्या तोंडानं सांगू? तुमी सांगा ना. तुमचं ऐकतेत ते."

"सांगते," मी म्हटलं.

सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू. सांगायला तोंड उघडलं की पुढचा प्रश्न ठरलेला होता: मग कोण? गोदाबाईचं काम सुटलं. मळा जाळणारी म्हणून तिचं नाव झालं आणि अंजनगावात उरलेल्या कोणत्याही मळ्यात तिला घेईनात. पुढे ती गाव सोडून गेल्याचं कानावर आलं. रऊफभाईंकडून फोटो आला तेव्हा मी तो पाहिलासुद्धा नाही धड. नजर गेली ती कोपऱ्यातल्या नारिंगी तारखेवर. ज्या तारखेला सारं गाव मला चटईवर बसलेली समजत होतं, ती तारीख. कात्री घेतली. कापलेला तुकडा, नुसत्या फांदीचा तो दुसरा फोटो आणि निगेटिव्ह, सगळं चुलीत घातलं.

मळा त्या दिवाळीपर्यंत संपला. पांगारे तोडले, तिथे सोयाबीन पेरलं. मामाजी त्यानंतर फार वर्षं राहिले नाहीत. आम्ही अमरावतीला आलो. मेळघाट मी नंतर चार-पाचदा पाहिला, महागड्या कॅमेऱ्याने. शेकडो फोटो काढले. दाखवायला सांगाल तर आठवून शोधावे लागतील.

परवा मात्र आत्याबाईंनी सोडलं नाही. फोटो घेऊन डोळ्यांशी नेला, मग बोटाने त्या तिरक्या कडेवरून फिरवत राहिल्या.

"तारीख कापली ना तू?"

मी मेथीची पुढची काडी उचलली.

"मले माहीत हाये. दहाव्याहून आलो त्या दिवशी मी मळ्यात गेल्ती. ओल्या वाफ्यात पाय उमटेल होता. लक्षुमीच्या पावलानं घरात घेतली तुले, तुहा पाय मी वळखणार नाई? पुसून टाकला म्या."

"आत्याबाई! तुम्हाला माहीत होतं? मग बोलल्या का नाहीत?"

"काय बोलू? जवानपणी मी सोता खुडाले जात होती, अवं. कावळा शिवला असला तरी. पानं काय चार दिस थांबतेत? बुढ्याले पत्ता नाई लागू देला. एवढी वर्सं गेली मी, एक पान नाई जळालं."

माझ्या छातीवरचा दगड उतरला, असं म्हणायचं होतं मला. एक क्षणभर उतरलाही. हसू फुटलं, डोळ्यांत पाणी आलं, तळहाताकडे पाहिलं. आणि मग एकदम अंगाची लाही झाली. "तुम्हाला सगळं ठाऊक होतं, तर गोदाबाईला का जाऊ दिलं तुम्ही?"

आत्याबाईंनी फोटो खाली ठेवला. त्यांची नजर माझ्या दिशेला होती, माझ्यावर नव्हती.

"मी भेली. आडाणी बाई मी, नवऱ्याले भेली. तू काहून जाऊ देली? तू तं मास्तरीण होती."

खिडकीबाहेर गॅसवाला गेला होता. दूधराजही कधीचा गेला होता. मग आत्याबाईच म्हणाल्या, "जित्ती हाये गोदी. चांदूर बाजारले, लेकीपाशी. मांगच्या लग्नात कोणी तरी सांगत होतं. अजून बी लोक तिले मळा जाळणारीच म्हणतेत म्हणे."

चांदूर बाजार इथून लांब नाही. एवढी वर्षं मी कोणाला विचारलंसुद्धा नव्हतं.

उद्या सकाळच्या बसने जायचं ठरवलं आहे. आत्याबाई म्हणतात, मले बी ने. फोटो पिशवीत घालून ठेवलाय. गोदाबाईच्या लेकीला, जावयाला, शेजाऱ्यांना, सगळ्यांना सांगायचं आहे की मळ्यात गेले ती मी. ते म्हणतील, इतक्या वर्षांनी बाई कशाला आली खोटं बोलायला? पुरावा काय?

पुरावा होता. नारिंगी आकड्यांत छापलेला होता. तो कोपरा आता कुठून आणू?